जबड्याच्या सांध्याची जुनाट वेदना व तिच्यावरील उपचारांची तुलना : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :

जुनाट वेदनांच्या विकारांमध्ये कंबरदुखी आणि मानदुखी यांची चर्चा जितकी होते तितकी जबड्याच्या सांध्याच्या वेदनेची होत नाही. वास्तविक स्नायू व सांध्यांशी निगडित जुनाट वेदनांमध्ये कंबरदुखीच्या खालोखाल याच विकाराचा क्रम लावला जातो आणि जगभरातील प्रौढांपैकी सुमारे ६ ते ९ टक्के व्यक्तींना तो जडतो असा अंदाज आहे. बोलणे, चावणे, जांभई देणे अशा साध्या क्रिया या सांध्यावर अवलंबून असल्यामुळे तो दुखू लागला म्हणजे माणसाच्या दैनंदिन व्यवहारातच अडथळा येतो. दिवसाचे चार-पाच तास अध्यापन करणाऱ्या व्यक्तीसाठी तर हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

या वेदनेवर आज अनेक उपचार उपलब्ध आहेत. गोळ्या, दातांवर बसवावयाची पट्टी, व्यायाम, यंत्राचा शेक, लेसर, इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि मानसोपचार अशी ही यादी लांबत जाते. त्यांपैकी कोणता उपचार प्रथम घ्यावा, हा प्रश्न रुग्णाला पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकाने या प्रश्नाचे उत्तर देणारी एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखात या मार्गदर्शिकेने केलेल्या तुलनेचे परीक्षण करून ती तुलना ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरातील रुग्णाला कितपत उपयोगी पडते, याचा विचार केला आहे. उपचारांची तुलना परिणामकारकतेच्या एकाच निकषावर पूर्ण होत नाही. उपचार देणारी व्यक्ती, लागणारा वेळ आणि संवादाची भाषा यांचाही त्या तुलनेत समावेश व्हावयास हवा, अशी या लेखाची भूमिका आहे.

विकाराचे स्वरूप :

कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो भाग हलतो तो जबड्याचा सांधा होय. कवटीचे हाड आणि खालच्या जबड्याचे टोक यांच्यामध्ये येथे एक लवचिक चकती असते. हा सांधा बिजागरीप्रमाणे फिरतो आणि त्याच वेळी पुढेही सरकतो. दोन्ही बाजूंच्या सांध्यांना एकाच वेळी काम करावे लागते. या सांध्याच्या आणि त्याला हलविणाऱ्या स्नायूंच्या विविध विकारांना मिळून 'टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर' अथवा संक्षेपाने 'टीएमडी' असे म्हणतात. हे एका रोगाचे नाव नाही. स्नायूंचे दुखणे, चकती जागेवरून सरकणे, सांध्याची झीज अशा अनेक अवस्था त्यात येतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत त्यांपैकी १२ प्रमुख विकारांची व्याख्या दिलेली आहे.

मराठी भाषेत या अनुभवाला समृद्ध शब्दसंपदा आहे. जबडा धरणे, आखडणे, अवघडणे, ठणकणे, चमक मारणे, तोंड उघडताना कट्कन आवाज होणे हे सर्व प्रयोग एकाच अर्थाचे नाहीत. 'ठणका' हा शब्द बहुधा दाताकडे किंवा पुवाकडे निर्देश करतो, तर 'आखडणे' हा शब्द स्नायूकडे बोट दाखवितो. झोपेत दात एकमेकांवर घासण्याला मराठीत 'दात खाणे' म्हणतात आणि ते पोटातील जंतांमुळे होते अशी समजूत घरोघरी आढळते. रागाच्या संदर्भातील 'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार मन आणि जबडा यांचा संबंध भाषेने पूर्वीच टिपला असल्याचे दाखवितो. रुग्णाचा शब्द नीट ऐकला तर निदानाची निम्मी वाट सुकर होते. मात्र तपासणीच्या घाईत 'दुखतंय' एवढ्या एका शब्दावर ही सर्व विविधता आटोपली जाते.

तुलनेपूर्वी निदान आवश्यक आहे, ही गोष्ट आपल्या प्रदेशात विशेष महत्त्वाची ठरते. तोंड कमी उघडणे हे जबड्याच्या सांध्याच्या विकाराचे लक्षण आहे, त्याचप्रमाणे ते सुपारी व गुटख्याच्या सेवनाने होणाऱ्या 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' या विकाराचेही लक्षण आहे. या विकारात गालाच्या आतील त्वचा पांढुरकी व ताठर होते, तिखट खाल्ल्यास आग होते आणि पुढे त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि साधी सुपारी त्या बंदीच्या कक्षेत आलेली नाही. अशा रुग्णाला सांध्याचा व्यायाम सांगून परत पाठविणे म्हणजे मूळ रोग नजरेआड करणे होय. तसेच श्रम करताना जबड्यात येणारी कळ हृदयविकाराची असू शकते, आणि पन्नाशीनंतर कानशिलाच्या दुखण्यासह चावताना जबडा भरून येत असल्यास रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घ्यावी लागते. पुढील सर्व विवेचन ही कारणे वगळल्यानंतरच्या, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेपुरते मर्यादित आहे.

उपचारदृष्टीचा इतिहास :

या विकाराच्या उपचारांचा इतिहास पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्या शाखेच्या तज्ज्ञाने हा विकार पाहिला त्या शाखेचे साधन हाच त्याचा उपचार ठरला. प्राचीन काळी सुश्रुतसंहितेत जबडा निखळल्यास शेक देऊन तो जागेवर बसवावा व पट्टा बांधावा असे सांगितले आहे, तर चरकसंहितेत 'हनुग्रह' हा वातविकारांत गणला आहे. आधुनिक काळात १९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कानातील आवाज, चक्कर आणि डोकेदुखी यांचा संबंध दात पडल्यामुळे बिघडलेल्या जबड्याच्या ठेवणीशी जोडला. त्यांची शारीरिक उपपत्ती पुढे टिकली नाही. तरीही हा विकार दातांच्या ठेवणीचा आहे ही कल्पना दंतवैद्यकात दीर्घकाळ रुजून राहिली. तिच्या आधारे दात घासून ठेवण बदलण्याचे उपचारही झाले.

१९७० नंतर सांध्यातील चकतीकडे लक्ष वळले आणि शस्त्रक्रियांची संख्या वाढली. याच काळातील एक प्रकरण तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील व्हायटेक या कंपनीने टेफ्लॉनयुक्त पदार्थाची कृत्रिम चकती १९८० च्या दशकात बाजारात आणली. जबड्याच्या दाबाखाली तिचे कण सुटू लागले आणि शरीराच्या प्रतिक्रियेतून अनेक रुग्णांचे हाड झिजले. १९९०-९१ मध्ये ती परत मागविण्यात आली. वेदना कमी करण्यासाठी घेतलेल्या उपचारानेच या रुग्णांना कायमची वेदना दिली. यानंतर १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेत पूर्ववत करता येण्याजोग्या, सौम्य उपचारांनाच प्राधान्य द्यावे असे मत नोंदविण्यात आले.

पुढे अमेरिकेत झालेल्या 'ओपेरा' या दीर्घकालीन अभ्यासाने दृष्टिकोन आणखी बदलला. निरोगी व्यक्तींना हा विकार नव्याने जडण्याआधी काय घडते, याचा मागोवा या अभ्यासाने घेतला. शरीरातील इतर वेदना, अनेक लहानमोठ्या शारीरिक तक्रारी, बिघडलेली झोप आणि मानसिक ताण या गोष्टी विकाराची पूर्वसूचना देतात असे त्यातून दिसून आले. म्हणजे हा विकार केवळ एका सांध्याचा उरला नाही. तो वेदना अनुभवणाऱ्या संपूर्ण व्यक्तीचा झाला. २०२३ ची मार्गदर्शिका या बदललेल्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

मार्गदर्शिकेतील तुलना :

या मार्गदर्शिकेसाठी करण्यात आलेल्या आढाव्यात २३३ चाचण्या पात्र ठरल्या. त्यांपैकी ८,७१३ रुग्णांचा समावेश असलेल्या १५३ चाचण्यांच्या आधारे ५९ उपचारांची वा उपचार-संयोगांची परस्परांशी तुलना करण्यात आली. वेदना १० सेंटिमीटरच्या पट्टीवर मोजून १ सेंटिमीटरचा उतार हा रुग्णाला जाणवण्याजोगा किमान फरक मानला गेला.

निष्कर्ष असे आहेत. दिखाऊ उपचाराच्या तुलनेत, शिथिलीकरण किंवा बायोफीडबॅक यांची जोड दिलेला बोधनिक-वर्तन उपचार (सीबीटी) घेणाऱ्या १०० रुग्णांमागे ३६ अधिक रुग्णांना जाणवण्याजोगा आराम पडला. उपचारकाने हाताने जबडा हलवून सैल करण्याच्या पद्धतीचा आकडाही ३६ आहे. स्नायूंतील दुखरे बिंदू हाताने दाबून मोकळे करण्याच्या पद्धतीत तो ३२ आहे. केवळ सीबीटी, देखरेखीखाली केलेले शरीरस्थितीचे व जबड्याचे व्यायाम, आणि घरी करावयाचे व्यायाम, ताण देणे, धीर देणे व माहिती देणे यांचा समावेश असलेली 'नेहमीची काळजी' या सर्वांचे आकडे २३ ते ३० च्या दरम्यान आहेत. या सर्व उपचारांची ठाम शिफारस करण्यात आली आहे.

हस्तचालनाचा 'मॅनिप्युलेशन' हा प्रकार, ॲक्युपंक्चर आणि काही संयुक्त व्यायाम यांची सशर्त शिफारस आहे. याउलट दातांवरील काढता येणारी पट्टी म्हणजे स्प्लिंट, सांधा धुण्याची 'आर्थ्रोसेंटेसिस' ही प्रक्रिया, कमी शक्तीचे लेसर, 'टेन्स' हे विद्युत् उपकरण, बोट्युलिनम विषाचे, हायल्युरॉनिक आम्लाचे व स्टिरॉइडचे इंजेक्शन, गॅबापेंटिन आणि पॅरासिटामॉलसुद्धा सशर्त प्रतिकूल गटात आहेत. दातांची ठेवण कायमची बदलणारी पट्टी, चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि दाहशामक औषधांबरोबर अफूजन्य गटातील औषधे देणे यांना ठाम विरोध करण्यात आला आहे. रुग्ण व वैद्य यांनी प्रथम ठाम शिफारशीच्या, नंतर सशर्त अनुकूल आणि त्यानंतरच सशर्त प्रतिकूल उपचारांचा विचार करावा, असा क्रमही मार्गदर्शिकेने सांगितला आहे.

या यादीचे बारकाईने वाचन केल्यास एक सूत्र हाती लागते. वरच्या गटात असलेले जवळजवळ सर्व उपचार माणसाचे हात, माणसाचे बोलणे आणि रुग्णाचा सराव यांवर आधारलेले आहेत. खालच्या गटात बहुतांशी वस्तू, यंत्रे, औषधे आणि सुया आहेत. पहिल्या गटाला वेळ लागतो. दुसऱ्या गटातील बरेचसे उपचार एका-दोन भेटींत देता येतात आणि त्यांचे शुल्क आकारणेही सोपे असते. वैद्यकीय सेवेच्या बाजारात दुसरा गट पुढे येतो याचे हे एक साधे आर्थिक कारण होय. त्यात कोणाचा वाईट हेतू गृहीत धरण्याची गरज नाही.

मार्गदर्शिकेच्या मर्यादा :

मार्गदर्शिकेचे महत्त्व मान्य करूनही तिच्यावर काही आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप एकत्रीकरणाचा आहे. स्नायूंचे दुखणे आणि सांध्याची झीज यांना एकाच 'टीएमडी' या नावाखाली आणल्याने सरासरी उत्तर मिळते. प्रत्यक्ष रुग्ण मात्र सरासरी नसतो. ज्याचे तोंड चकती अडकल्यामुळे अचानक बंद झाले आहे त्याच्या बाबतीत सांधा धुण्याच्या प्रक्रियेचा विचार वेगळ्या रीतीने होऊ शकतो. स्प्लिंटच्या बाबतीतही हेतूंचा भेद केला पाहिजे. झोपेत दात खाणाऱ्याच्या दातांची झीज थांबविणे हा एक हेतू आणि जुनाट वेदना कमी करणे हा दुसरा. पहिल्या हेतूसाठी वापरलेली पट्टी दुसऱ्या हेतूच्या निकषावर निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र शासकीय आढाव्यातही पट्टीमुळे वेदना कमी होते असा पुरावा आढळला नव्हता, हे लक्षात घेता वेदनेसाठी पहिल्याच भेटीत पट्टी सुचविण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या बळाविषयी आहे. वेदनेच्या बाबतीत उच्च ते मध्यम खात्रीचा पुरावा केवळ ८ उपचारांनाच आहे. उर्वरित उपचारांचा आणि सर्वच उपचारांच्या दुष्परिणामांचा पुरावा कमी किंवा अत्यल्प खात्रीचा आहे. त्यामुळे 'सशर्त प्रतिकूल' याचा अर्थ 'अपायकारक सिद्ध झालेले' असा होत नाही. 'लाभाची खात्री नाही, खर्च व धोका मात्र आहे' असा तो अर्थ आहे. हा फरक न कळल्यास एखाद्या रुग्णाला ज्या उपचाराने प्रत्यक्षात बरे वाटत आहे तोही बंद करण्याची चूक घडेल. आपल्याकडे प्रचलित असलेले तैल-अभ्यंग, शेक आणि नस्य हे उपचार मार्गदर्शिकेच्या क्रमवारीत नाहीत. त्यांच्याविषयी मौन म्हणजे नकार नव्हे; तसेच ते प्रमाणपत्रही नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा असून तो 'नेहमीची काळजी' या संज्ञेविषयी आहे. चाचण्यांमध्ये या संज्ञेत व्यायाम शिकविणे, धीर देणे आणि विकार समजावून सांगणे अभिप्रेत होते. आपल्याकडे 'नेहमीचे उपचार' या शब्दांचा सामान्य अर्थ वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, 'मऊ खा' एवढा सल्ला आणि आठ दिवसांनी येण्याची सूचना असा होतो. मार्गदर्शिकेतील संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले तर ज्या व्यवहाराला तिने मान्यता दिलेली नाही त्यालाच तिची मान्यता मिळाल्याचा भास निर्माण होईल. वैद्यकीय ज्ञानाच्या भाषांतरातील हा धोका भाषेच्या अभ्यासकांनी विशेषत्वाने लक्षात घेण्याजोगा आहे.

चौथा मुद्दा आकड्यांच्या अर्थाचा आहे. सर्वांत परिणामकारक उपचाराचा आकडा ३६ आणि घरी करावयाच्या व्यायामांसह धीर देण्याचा आकडा २३ ते ३० च्या दरम्यान, म्हणजे दोहोंतील अंतर १०० रुग्णांमागे ६ ते १३ रुग्णांचे आहे. हे अंतर नगण्य नाही. परंतु ते मिळविण्यासाठी किती फेऱ्या, किती रजा आणि किती शुल्क द्यावे लागेल, हे मार्गदर्शिका सांगत नाही. उपलब्धता लक्षात घ्यावी एवढेच ती सुचविते. त्या एका शब्दाचा विस्तार स्थानिक पातळीवरच करावा लागतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराचा विचार :

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. या लोकसंख्येचा मोठा भाग नोकरीसाठी रोज मुंबईकडे प्रवास करतो. महापालिकांची सार्वजनिक रुग्णालये येथे आहेत. ठाणे महापालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही त्यांतील प्रमुख होत. परंतु शासकीय दंत महाविद्यालय मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात आहे आणि मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. नेरूळ, बेलापूर या भागांतील खासगी दंत महाविद्यालयांत जावयाचे तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी पकडावी लागते.

कल्याण ते मुख्य टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. जलद लोकलने जाण्यास साधारण एक तास लागतो. देखरेखीखालील व्यायामाच्या आठवड्यातून एक याप्रमाणे सहा बैठका धरल्या, तरी केवळ गाडीत १२ तास जातात. रोजंदारीवरील कामगाराला त्याकरिता सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागेल. उपचार घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते ही बाबही येथे विचारात घ्यावी लागते. नोकरी, प्रवास आणि घरकाम यांतून स्त्रीला स्वतःच्या वेदनेसाठी सहा सकाळी काढता येतील असे गृहीत धरता येत नाही. या दृष्टीने पाहता, मार्गदर्शिकेत दुसऱ्या फळीवर दिसणारी घरची व्यायामपद्धती या परिसरातील अनेकांसाठी पहिली व व्यवहार्य निवड ठरते. अट एवढीच की ती एकदा नीट शिकविली गेली पाहिजे. जीभ टाळूला लावून तोंड सावकाश उघडणे, जबडा सैल सोडून दातांमध्ये अंतर राखणे, ओल्या कापडाचा कोमट शेक देणे आणि कडक पदार्थ काही काळ टाळणे या गोष्टींना उपकरण लागत नाही. शिकविणाऱ्याची पंधरा-वीस मिनिटे मात्र लागतात.

नेमकी हीच मिनिटे आरोग्यव्यवस्थेच्या हिशेबात कोठेही मोजली जात नाहीत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी शासकीय योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. खासगी आरोग्य विम्यातही बाह्यरुग्ण सल्ला सहसा वगळलेला असतो. परिणामी ज्या शस्त्रक्रियेची गरज मोजक्या रुग्णांना असते तिला आर्थिक आधार मिळू शकतो. ज्या समजावणीची गरज सर्वांना असते ती मात्र रुग्णाच्या खिशावर आणि वैद्याच्या सवडीवर सोडली जाते.

मानसोपचाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रयोग मराठीत वेडेपणाचा निर्देश म्हणून रूढ आहे. ज्या शहराचे नावच अशा अर्थाने वापरले जाते तेथे जबडा दुखणाऱ्या व्यक्तीला मानसोपचाराचा सल्ला दिल्यास 'माझे दुखणे खोटे आहे असे म्हणायचे आहे का' असा प्रश्न उमटणे स्वाभाविक आहे. सीबीटीचा हेतू वेदना काल्पनिक ठरविण्याचा नसून वेदनेभोवती निर्माण होणारी भीती, झोपमोड आणि नकळत जबडा आवळण्याची सवय बदलण्याचा आहे, हे मराठीत स्पष्टपणे सांगितल्याखेरीज ही शिफारस कागदावरच राहील.

विशेष म्हणजे या कामासाठी आवश्यक असलेली वैचारिक परंपरा मराठीत उपलब्ध आहे. सीबीटीच्या घराण्यातील आद्य पद्धती म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती होय. कि. मो. फडके यांनी आपल्या ग्रंथांतून तिचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेने मानसिक आरोग्याचा विचार मराठी मध्यमवर्गाच्या रोजच्या बोलण्यात आणला. म्हणजे ज्या शहराच्या नावाला मनोविकाराचा कलंक चिकटला, त्याच शहरात तो पुसण्याचे कामही झाले. उणीव आहे ती दुव्याची. दंतवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक हे तिघे एकाच रुग्णाकडे एकत्रितपणे पाहतील अशी रचना केल्याशिवाय मार्गदर्शिकेच्या वरच्या गटातील उपचार एकमेकांना जोडले जाणार नाहीत. पट्टी बनविणारा आणि इंजेक्शन देणारा एकटा पुरेसा असतो. व्यायाम आणि समुपदेशन यांना सहकार्य लागते.

महाविद्यालयांची भूमिका :

हा प्रश्न केवळ वैद्यकीय शिक्षणसंस्थांचा नाही. कला व विज्ञान महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभाग शिथिलीकरणाची मराठी सूचनापत्रे तयार करू शकतात. मराठी विभागांना वेदनेच्या शब्दसंपदेचे संकलन करून तपासणीस उपयोगी प्रश्नावली रचण्यास साहाय्य करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत तोंडात तीन बोटे उभी मावतात किंवा नाही, ही साधी चाचणी घेऊन सुपारीजन्य विकाराची शंका असलेल्या युवकांना दंतवैद्याकडे पाठविता येईल. परीक्षेच्या काळात जबडा आवळून बसणारा विद्यार्थी आणि सलग तासिकांनंतर गालावर हात ठेवून बसणारा अध्यापक, हे दोघेही या विषयाचे लाभार्थी आहेत.

निष्कर्ष :

१. जबड्याच्या सांध्याच्या जुनाट वेदनेवरील उपचारांची तुलना निदानापासून सुरू झाली पाहिजे. आपल्या प्रदेशात सुपारीजन्य विकार वगळल्याशिवाय ती तुलना अर्थपूर्ण ठरत नाही.

२. उपलब्ध पुरावा व्यायाम, हस्तोपचार, सीबीटी आणि रुग्णशिक्षण यांच्या बाजूने झुकतो. कायमस्वरूपी बदल घडविणारे उपचार घाईने स्वीकारू नयेत, हा व्हायटेक प्रकरणाचा धडा आजही लागू आहे.

३. स्प्लिंट, इंजेक्शने व लेसर यांना पूर्णतः त्याज्य मानण्याइतका पुरावा नाही. तथापि ते पहिल्या पायरीवर असण्यासही आधार नाही.

४. परिणामकारकतेच्या आकड्यांबरोबर प्रवास, रजा आणि शुल्क यांचा हिशेब मांडल्यास ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील बहुसंख्य रुग्णांसाठी नीट शिकविलेला घरचा व्यायाम हा प्रारंभीचा सर्वांत न्याय्य पर्याय ठरतो. त्याने पुरेसा आराम न पडल्यास हस्तोपचार व सीबीटी यांकडे वळावे.

५. हा पर्याय केवळ स्वस्त म्हणून रुग्णाच्या माथी मारला जाऊ नये. शिकविण्यास लागणारा वेळ हा उपचाराचाच भाग मानून सार्वजनिक रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत त्याची तरतूद झाली पाहिजे. तशी तरतूद नसेल तर 'घरी व्यायाम करा' हे वाक्य उपचार न राहता रुग्णाला परत पाठविण्याची एक रीत बनेल.